भाऊबीजेचा बॉम्ब आणि माझा डावा कान

"तुमच्या डाव्या कानाच्या आतल्या पेशी मेल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "मग परत यायला किती वर्षं लागतील?"

मला तो प्रश्न तेव्हा वेडगळ वाटला नाही. दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. वादळात निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली, तेव्हा आम्ही रोपं लावली आणि वाट बघत बसलो. कुठलं झाड किती वर्षांनी फळ धरतं हे आम्हाला तोंडपाठ. गेलेलं परत येतं, फक्त वेळ लागतो, असं धरूनच आम्ही जगतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ह्या उगवत नाहीत," ते म्हणाले. शेजारी बसलेले आमचे हे टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाकडे बघत राहिले. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. औषधाचं दुकान कुठल्या मजल्यावर आहे, एवढंच मी विचारलं.

भाऊबीजेला माझी नणंद आणि तिचे यजमान सतीश भावजी पनवेलहून आमच्याकडे आले होते. ओवाळून झालं आणि अंगणात फटाके सुरू झाले. भावजींना सुतळी बॉम्बची भारी हौस. आमच्याकडे करवंट्यांना काय तोटा? बॉम्बवर करवंटी उपडी घालायची आणि ती पोफळीच्या शेंड्यापर्यंत उडवायची, हा त्यांचा दरवर्षीचा खेळ. आम्ही सगळे दरवर्षी हसायचो.

त्यातला एक बॉम्ब उडाला नाही. भावजींनी लांबूनच बघितलं. "फुसका निघाला वहिनी, जा खुशाल," ते म्हणाले. तुळशीपाशी पणत्या विझत आल्या होत्या, म्हणून मी तेलाची बुधली घेऊन गेले आणि वाकले. त्या बॉम्बवरची करवंटी माझ्या डाव्या हाताला होती. पुढचं मला आवाज म्हणून आठवतच नाही. कुणी थोबाडीत मारावी तसा फटका बसला आणि सगळं गप्प झालं. समोर भावजींचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं.

थोड्या वेळाने आवाज परत आले, पण उजवीकडूनच. डाव्या कानात दडा बसला होता आणि आत रातकिडे किरकिरत होते. मला वाटलं, वाडीतलेच असतील. "होतं असं, उद्या जाईल," सगळे म्हणाले. मीही तेच म्हटलं.

जेवणं झाल्यावर ह्यांनी तेल गरम केलं. तेल म्हणजे आमच्याच नारळांचं, घाण्यावर काढलेलं. भाजलं, कापलं, केस गळले, काहीही झालं की आमच्या घरात तेच. ह्यांनी त्यात लसूण टाकली, मनगटावर थेंब टाकून बघितला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात सोडलं. "अगो, उद्या मोकळा होतो की नाही बघ." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतक्या हळुवारपणे कधी हात लावल्याचं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग कान ठणकायला लागला आणि उशीवर पाणी दिसलं. जवळच्या बोर्लीच्या डॉक्टरांनी बॅटरीने आत बघितलं आणि तडक पनवेलला जायला सांगितलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी प्रथम सांगितलं ते परफोरेशन, म्हणजे कानाच्या पडद्याला पडलेलं भोक. मग त्यांनी विचारलं, "तेल कुणी घातलं?"

"मीच," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. पडदा फाटलेला असताना तेल आत गेलं आणि कान पिकला. शिवाय दिवस फुकट गेले. "लगेच आला असतात तर स्टेरॉईड तेव्हाच सुरू केलं असतं. काही वेळा फरक पडतो. नेहमी नाही, पण काही वेळा पडतो." हे ते माझ्याकडे बघून बोलत होते. ऐकत मात्र आमचे हे होते.

त्यानंतर प्युअर टोन ऑडिओमेट्री झाली. ही ऐकू येण्याची तपासणी. आवाजबंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं असतं. उजव्या कानाला मी भराभर दाबलं. डाव्या कानाला काही वेळा दाबलं, मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे बघितलं, तर तिथली मुलगी खाली मान घालून बटणं फिरवतच होती. ती आत आली आणि माझ्या कानावरचा हेडफोन अगदी सांभाळून काढला, तेव्हा मला समजलं.

रातकिड्यांनाही नाव निघालं. टिनिटस, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. वाडी सोडून पनवेलला आले तरी ते सोबत आलेच होते.

औषधपाण्यासाठी पनवेलला राहायचं म्हणजे नणंदेकडे, भावजींच्याच घरी. तेच मला गाडीने दवाखान्यात नेत-आणत. घरी क्रिकेटसुद्धा आवाज बंद करून बघत. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. एकदा सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मला दोन शिव्या तरी घाला." मी म्हटलं, "आज आपला नंबर कितवा आहे?"

पू थांबला आणि हळूहळू पडदाही आपोआप भरला. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी ऐकण्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

घरी आल्यावर खरी अडचण कळली. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. वाडीत झावळ सुटली की आधी वर खर्र होतं आणि माणूस न बघताच बाजूला होतो. मला आता खर्र ऐकू येतं, पण कुठल्या माडावर ते कळत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले आणि झावळ माझ्या चपलेजवळ पडली. तेव्हापासून हे मला एकटीला वाडीत जाऊ देत नाहीत. ज्या वाडीतलं एकेक रोप मी हाताने लावलं, तिथे जायला मला सोबत लागते. ह्याचं मला फार वाईट वाटतं. कानापेक्षा जास्त.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. न उडालेल्या फटाक्याला फुसका म्हणू नका. जवळ जाऊ नका, लांबून बादलीभर पाणी ओता. कानात कापूस कोंबून भागत नाही, औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात ते घाला आणि तरीही लांबच उभे राहा. फटाक्यानंतर कानाला दडा बसला, शिट्टी वाजायला लागली, तर उद्याची वाट न बघता कानाचा डॉक्टर गाठा. तोपर्यंत कानात काहीही घालू नका. कितीही मायेने कुणी तेलाची वाटी घेऊन आलं तरी नको म्हणा.

शेवटच्या तपासणीचं सांगायचं राहिलं. आलेखातली डाव्या कानाची रेघ होती तिथेच होती. "आता हेच धरून चाला," डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघं एसटीने परत निघालो. मी खिडकीशी बसले आणि हे माझ्या डाव्या बाजूला बसले. मुद्दाम बसले की सवयीने, मला माहीत नाही.

माणगाव सोडून गाडी घाटाला लागली आणि ते बोलायला लागले. समोरच्या सीटकडे बघत, मान खाली घालून, थांबत थांबत. गाडीच्या घरघरीत मला काहीच ऐकू येत नव्हतं. तेल हा शब्द तेवढा ओठांवरून कळला, तोही दोनदा. जरा थांबा, इकडे येऊन बसा, असं सांगावं म्हणून मी वळले आणि त्यांचे डोळे बघितले. मग नाही सांगितलं. त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हसळा येईपर्यंत मान हलवत राहिले. बॉम्ब फुटल्यापासून मला रडू आलं ते तिथे पहिल्यांदा.

म्हसळ्याला उतरून त्यांनी चहा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी त्यांनी फडताळातली बाटली काढून डोक्याला तेल लावलं. पनवेलच्या त्या पहिल्या दिवसापासून त्यांनी त्या बाटलीला हात लावला नव्हता.

बसमध्ये ते काय बोलले, ते मला अजून माहीत नाही. मला ऐकू आलं नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगणार नाही.