मलकापूरहून आलेली बादली

लेक मलकापूरहून एसटीनं आली तेव्हा तिच्या हातात बॅग नव्हती. रंगाची बादली असते ना, तसली झाकणाची बादली होती. माहेरी येणारी मुलगी काय आणते हे मला चांगलं ठाऊक आहे: दोन साड्या, सासूची गाऱ्हाणी आणि झोप. बादली कोण आणतं? झाकण काढलं तर आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाण्यातली झाडं.

हा नाद तिला लग्नाआधीपासूनचा. सासरी जाताना आम्ही कपाट दिलं, भांडी दिली, आणि ही बया हट्टानं माशांची काचेची टाकी घेऊन गेली होती.

"टाकी कुठाय?" मी विचारलं.

"फुटली."

"आणि जावईबापू?"

"हायत की घरात."

तिच्या उजव्या तळहाताला रुमाल बांधलेला होता. विळी लागली म्हणाली. मी रुमाल सोडून हळद भरली, आणि विळीवर बसताना लक्ष कुठं असतं म्हणून वर दोन शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले.

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका कोपऱ्यात माझं फॉल-पिकोचं मशीन आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारच्या टेबलावर छोटी नवी टाकी आली. पलीकडच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथून मागून आणलेली वाळू लेक बाथरूममध्ये धूत बसली. पाणी नितळ होईपर्यंत धुतली. मग चिमट्यानं एकेक झाड वाळूत खोवलं. शेवटी दुकानातून थोडे गप्पी मासे आणून सोडले. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही असा तिचा नियम होता. त्यात औषध असतं, ते उडून जायला दिवसभर पाणी उघडं ठेवावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी ती मलकापूरची बादली नळाखाली भरायची आणि बाथरूमच्या दाराशी ठेवायची. त्या बादलीला अडखळून मी रोज चिडायचे.

झाडांनी मात्र आठवडाभरात मान टाकली. पानं पिवळी पडली, मग पारदर्शक झाली आणि पाण्यात विरघळायला लागली. माझ्या गिऱ्हाइकांना दिसायला नको म्हणून मी म्हणाले, "मेली ती. काढून टाक."

"न्हाय गं आई. जागा बदलली की जुनी पानं जातातच. मुळं पांढरी हायत. त्यांना हलवायचं न्हाय, एवढंच."

कुजलेलं पान तेवढं ती कात्रीनं कापायची. दिवा वेळेवर लावायची, वेळेवर घालवायची. जास्त वेळ उजेड दिला की काचेला शेवाळ धरतं म्हणे. बाकी वेळ टाकीसमोर बसून राहायची. आपण का आलो हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं की उठून पाणी बघायला जायची. मला राग यायचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काळजीही लागायची.

साडी टाकायला आलेल्या बायका टाकीकडे बघत आणि मग लेकीकडे.

"लेक आलीया जणू?"

"व्हय. परीक्षा हाय तिची."

"आता कसली परीक्षा?"

"बँकेची."

खोटं बोलणं मला जड गेलं नाही. पुढच्या बाईला तेच खोटं आठवून सांगणं जड गेलं.

मलकापूरहून विहिणीचे फोन सुरू झाले. आवाज गोड. "रागावून आलीया पोरगी. आमचा बी तापट हाय जरा. तुमी पाठवून द्या, संसारात हुतंय असं." माझे यजमान फोन धरून "व्हय, व्हय" म्हणत आणि ठेवून देत. शेवटी त्यांनी तेच केलं जे त्यांच्या घरात कायम होतं. थोरल्या भावाला कळवलं. लग्न ठरवायचं असो नाहीतर विहिरीवर मोटर बसवायची असो, माझ्या थोरल्या दिरांनी हूं म्हटल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही.

थोरले दीर गावाकडं ऊस करतात. रविवारी ते जोतिबाला जाऊन तसेच आमच्याकडे आले. कपाळ, मिशा, सदरा, सगळा गुलाल. लेकीला त्यांनी जवळ घेतलं, तिच्याही गालाला गुलाल लागला. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून मळा बघायची, त्यामुळे तिला त्यांच्यासमोर नाही म्हणता येत नाही. आणि त्यांचा जीव किती आहे तिच्यावर, हेही खरं.

मग त्यांची नजर टाकीवर गेली.

"ह्ये काय गं पोरी? पार पिवळं पडलंय की पीक!"

"येतील आबा नवी पानं. वेळ लागतोय."

ती चहा करायला आत गेली. मी पोह्यांना कांदा चिरत होते. थोरले दीर आमच्या गॅलरीत जाऊन आलेले मला दिसले, पण ते गुलाल झटकायला गेले असतील असं वाटलं. चहा झाल्यावर त्यांनी निर्णय सांगितला, तोही बसल्या बसल्या, उसाची तोड कधी घ्यायची हे सांगावं तसा.

"उद्या सकाळी मी सोताच सोडून येतो तिला. जावयाला बी चार शब्द सुनावतो. घर हाय, भांडान हुतंय. पोरीची जात लई दिस म्हायेरात बरी दिसत न्हाय."

यजमानांनी मान हलवली. मी लेकीकडे बघितलं. ती कपबश्या गोळा करत होती. "बरं आबा," एवढं म्हणाली आणि आत गेली.

मी संध्याकाळी तिच्या ओटीची तयारी केली. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, मोरपंखी ब्लाउजपीस. लेक सासरी जाताना ओटी भरायचीच असते, त्यात विचार करायचं काही नसतं, हात आपोआप करतात. ताट देवाजवळ ठेवून मी बाथरूमकडे गेले आणि अडखळायच्या तयारीनं पाय उचलला. पण दाराशी बादली नव्हती. ती नळाखाली कोरडी पडली होती. उद्याचं पाणी तिनं भरलंच नव्हतं. सकाळी सगळं व्यवस्थित होईल असं मी स्वतःला बजावत राहिले.

सकाळी तिच्याच आवाजानं मी हॉलमध्ये आले. पाणी दुधी झालं होतं. काही गप्पी उलटे तरंगत होते, उरलेले वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

"पाण्यात कुणी काय टाकलं?"

थोरले दीर टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

"म्या टाकला की युरिया. ग्यालरीत पिशवी हुती. पिवळं पडलंतं, म्हणलं जरा हिरवं हुईल. मूठभरच टाकला."

आमच्या गॅलरीत कढीपत्त्यासाठी यजमान खताची पिशवी ठेवतात. गाव सुटलं तरी शेतकऱ्याचा हात खताशिवाय राहत नाही. पण मूठभर खत उसाच्या सरीत कुठल्या कुठं जातं, आणि त्या एवढ्याशा टाकीत त्याचं विष झालं.

"पाणी बदलायला पायजे, आत्ता," लेक म्हणाली, आणि बाथरूमकडे पळाली. तिथं कोरडी बादली होती. ती बादली हातात घेऊन नुसती उभी राहिली. नळाचं ताजं पाणी चालणार नव्हतं.

मी स्वयंपाकघरातलं पिण्याच्या पाण्याचं पिंप उघडलं. आदल्या दिवशी भरलेलं होतं. कळशीनं उपसून देत गेले. यजमान टाकीतलं खराब पाणी नळीनं काढत होते, थोरले दीर बादल्या उचलून मोरीत ओतत होते. त्यांच्या सदऱ्याचा गुलाल ओला होऊन फरशीवर ठिपके पडले होते.

"मरत्यात व्हय गं आता झाडं?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज पार उतरला होता.

"झाडं जगतील आबा. ही बघा." तिनं वाळूजवळ बोट दाखवलं. सडक्या पानांच्या बुडाशी एक कोवळं, नखाएवढं पान होतं. "काल संध्याकाळीच दिसलं. मला कुणाला दाखवावंसं वाटलं न्हाय. आज जायचंच हुतं."

मग ती फरशीवर बसली आणि बोलायला लागली. रडली नाही, सांगत गेली. तिकडची टाकी फुटली नव्हती, फोडली होती. जेवण गार वाढलं म्हणून जावयानं वरवंटा उचलला होता. पहिल्यांदा टाकीवर मारला. दुसऱ्यांदा तिच्यावर उचलला तेव्हा सासू मध्ये पडली, म्हणून लेक वाचली. मासे हॉलभर तडफडत होते. ते वाचवता आले नाहीत. झाडं तेवढी काचेतून वेचली आणि बादलीत घातली.

"हाताला विळी न्हाय लागली आई, काच लागली."

त्या हाताला मी हळद लावली होती, वर बोल लावला होता. मला त्या क्षणी जावयाचा इतका संताप आला की हातातली कळशी मी जमिनीवर आपटली. यजमान भिंतीला टेकून खाली बसले. थोरले दीर टाकीकडे बघत राहिले आणि मग टॉवेलनं डोळे पुसायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मला कुणी सांगितलं न्हाय गं पोरी," एवढंच ते म्हणाले. तिला आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. मी विचारलं ते चौकशीसाठी, तिच्यासाठी नाही.

दुपारी विहिणीचा फोन आला. निघालात का म्हणून. यजमानांनी फोन थोरल्या भावाकडे दिला, त्यांनी माझ्याकडे. मी म्हणाले, "ती येणार न्हाय. तिच्या हाताला काय झालंय ते तुम्हांला म्हाईत हाय." त्यावर वकिलाचं काहीतरी बोलून विहिणीनं फोन ठेवला. पुढं काय काय होणार आहे याची मला भीती वाटते, रोज वाटते. बँकेच्या परीक्षेचं खोटंही आता कुणाला सांगत नाही, आणि खरंही अजून नीट सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी देवाजवळचं ओटीचं ताट उचललं. तांदूळ डब्यात ओतले. नारळ फोडून चटणीला घेतला. मग मलकापूरची बादली नळाखाली काठोकाठ भरली आणि बाथरूमच्या दाराशी, मधोमध ठेवली.