अप्पाजींची जामीनकी

अप्पाजींना 'नाही' म्हणता येत नसे. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत कुणाचा सिलिंडर वर चढवायचा असो, की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, अप्पाजी चपला घालून तयार. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचं दार त्यांचं. "हो म्हणायला आपल्याला काय लागतं?" असं ते म्हणत, आणि आतून काकू म्हणत, "तुम्हाला नाही लागत, मला लागतं."

दिनेशभियाला त्यांनी असंच हो म्हटलं. कॉलेजातला हा सोबती नोकरी सोडून सियागंजच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकत होता आणि कर्जाला जामीनदार शोधत होता. अप्पाजींनी सही केली, मुहूर्ताचे पेढे आम्हाला वाटले आणि विसरून गेले.

काकूंचे गुडघे गेले तेव्हा ती सही वर आली. काकूंचं जिना उतरणं बंद झालं होतं. तळमजल्यावरचं घर विकायला निघालं. आपलं विकून, साठवलेलं घालून, थोडं कर्ज काढलं की जमत होतं. बँकेने नकार दिला. मी एका करसल्लागाराकडे काम करते, म्हणून अप्पाजी माझ्याकडे आले. "देख तो बेटा, मी तर आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही."

मी मोबाइलवर त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. दिनेशभियाचं दुकान बुडालं होतं, तो गाव सोडून गेला होता. त्याच्या बँकेची पत्रं कागदपत्रांवर राहून गेलेल्या, अप्पाजींच्या जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर जात राहिली, आणि थकलेलं कर्ज जामीनदार म्हणून त्यांच्या नावावर लागलं होतं. अप्पाजींनी ना शिवी दिली, ना आवाज चढवला. "त्याचा फोन लागतो का बघ," एवढंच म्हणाले. लागला नाही.

कुणीतरी कृष्णपुऱ्याजवळचा, असे रिपोर्ट सुधारून देणारा एक एजंट सुचवला. मीही सोबत गेले. "टेन्शन मत लो भिया, सब साफ करवा दूंगा," म्हणत त्याने आपली फी सांगितली. अप्पाजींनी विचारलं, "पण सही तर माझीच आहे ना? जो सच है, उसको कैसे साफ करोगे?" एजंट नुसता हसला. आम्ही उठलो.

वाटेत मी त्यांना समजावलं, की चुकीची नोंद तक्रार करून काढता येते, खरी नाही. दिनेशभियाला कर्ज दिलेली बँक अर्ध्या रकमेवर तडजोडीला तयार होती. पण मग रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा राहणार, आणि पुढची बँक तोही वाईटच मानते. घरी काकूंनी पलंगावरूनच निकाल दिला, "सही अर्धी केली होती का? मग पूर्ण भरा." घरासाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं.

आता घर घ्यायचं तर मोठं कर्ज लागणार होतं. बँकेने काही देणं उरलं नसल्याचा दाखला दिला, रिपोर्टवर मात्र थकबाकी तशीच. ही चूक होती. मी ऑनलाइन तक्रार केली. ती फेटाळली गेली. दाखला जोडून पुन्हा केली. कॉलेजातून येताना अप्पाजी आमच्या दारात थांबत. "काही हललं का, बेटा?" मी नकारार्थी मान हलवली की समोर जाऊन काकूंना सांगत, "चालू आहे. हो जाएगा."

तेवढ्यात खालचं घर दुसऱ्यांनी घेतलं. काकू गॅलरीत बसून त्यांचं सामान उतरताना बघत होत्या. "ते कपाट दारातून जायचं नाही," म्हणाल्या. खरंच गेलं नाही.

थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून उतरवलं. अप्पाजी पुढे उलटे चालत होते, "हळू, हळू" म्हणत. काकू दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

तेरावा झाल्यावर रिपोर्ट दुरुस्त होऊन आला. थकबाकी शून्य, खातं बंद. मागचे चुकलेले हप्ते तेवढे अजून काही वर्षं दिसणार होते. मी समोर जाऊन वाचून दाखवलं.

"म्हणजे आता कर्ज मिळेल?"

"थोडं थांबावं लागेल. पण मिळेल."

अप्पाजी उठले, सवयीने आतल्या खोलीकडे वळले, "अगं, ऐकलंस का," म्हणाले, आणि दारातच उभे राहिले.