सरांनी दिलेली फाइल

जोगळेकर सर गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी चाकणच्या एका टेस्ट लॅबमध्ये उभी होते. निरोपाखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मीही एक चित्र टाकलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि कामाला लागले. या सहा आठवड्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, खूप वाईट वाटलं असेल ना तुला? नाही वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते शोकसभेत तासभर चाललं होतं. मला जे माहीत आहे ते तिथे बोलणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं ऑफिस कासारवाडीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. कंपनी लहान, पंधराएक माणसं. गाडीचा एखादा भाग हादरवणाऱ्या यंत्रावर बसवतात, त्याला सेन्सर चिकटवतात, आणि तो किती थरथरतो याचे सेकंदाला हजारो आकडे गोळा होतात. ते आकडे आलेखात दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सर सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख. माझी मुलाखत त्यांनीच घेतली. माझे वडील लेथवर काम करणारे टर्नर, घरात इंग्रजीचा गंध नाही, आणि त्या इंग्रजीपायी मला दोन कंपन्यांनी परत पाठवलेलं. सरांनी सगळे प्रश्न मराठीत विचारले आणि सोमवारपासून ये म्हणाले. पहिल्या वर्षी त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. आलेखावर एकक लिहायला विसरले की म्हणायचे, "ही रांगोळी झाली माधुरी. दारात काढ, इथे नको." हे त्यांचं देणं मी नाकारत नाही. पण म्हणून बाकीचं गिळून टाकायचं, हे मला आता जमणार नाही.

आठ वर्षांपूर्वी आमचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं ठरलं. त्यासाठी टूलकिट निवडायची होती. टूलकिट म्हणजे बटणं, खिडक्या, आलेख यांचा तयार संच. तो एकदा निवडला की दहा वर्षं त्याच्याशी संसार करावा लागतो. सरांना त्यांची जुनीच हवी होती, वीस वर्षांपासून त्यांच्या हाताला बसलेली. मला आणि संदीपानला नवी हवी होती. संदीपान परभणीकडचा, काळेवाडीत खोली घेऊन राहायचा, आणि त्याच्याइतका चांगला प्रोग्रॅमर मी आजवर पाहिलेला नाही. तो चाकणच्या लॅबमध्ये जाऊन दोन दिवस नुसता ऑपरेटरच्या मागे उभा राहिला होता. यंत्र खाली, आवाज नको म्हणून कॉम्प्युटर वरच्या खोलीत. ऑपरेटर खाली नट आवळायचा, वर जाऊन आलेख बघायचा, पुन्हा खाली. "ताई, त्यो माणूस दिवसभर जिनाच चढायलाय," संदीपान मला म्हणाला. नव्या टूलकिटमध्ये तोच आलेख यंत्राशेजारी टॅबलेटवर दिसला असता. संदीपानने तो करूनही दाखवला, हातमोजा घातलेल्या बोटाला दाबता येतील अशा मोठ्या बटणांसकट. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "खेळणं छान आहे. खऱ्या डेटावर चालवू, मग बोलू."

खऱ्या डेटाची चाचणी मालकांसमोर झाली. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी, एकावर सरांची टूलकिट, दुसऱ्यावर आमची. दोन्हीकडे फाइल सरांनीच घातली होती. सरांच्या पडद्यावर पंचवीस सेकंदांत आलेख आला. आमच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. एक मिनिट... दोन मिनिटं... मालकांनी घड्याळ पाहिलं. संदीपानच्या कपाळावर घाम आला. चार मिनिटं दहा सेकंदांनी आमचा आलेख उमटला, तोवर मालक खुर्चीतून उठले होते. सर सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "दिखाऊपणा करण्याआधी पाया शिकावा माणसाने." त्यानंतर प्रत्येक मीटिंगमध्ये ती चार मिनिटं निघायची. सर हसत काढायचे आणि बाकीचे हसायचे. सहा महिन्यांत संदीपानने राजीनामा दिला. त्याने पुन्हा प्रोग्रॅमिंगला हात लावला नाही. आज तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चढवल्या-उतरवल्या जाणाऱ्या मालाच्या नोंदी ठेवतो.

तीन वर्षांनी जुनी बॅकअप डिस्क साफ करताना मला चाचणीच्या त्या दोन फाइली सापडल्या. नाव एकच, तारीख एकच. पण सरांच्या कॉम्प्युटरवरची फाइल आमच्या फाइलीच्या बाराव्या हिश्शाएवढी होती. त्यांनी स्वतःसाठी सुरुवातीचा तुकडा कापून घेतला होता आणि आम्हाला अख्खी दिली होती.

मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन्ही फाइलींचे आकार लिहिलेला कागद समोर ठेवला. ते नाकारतील, चिडतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"हो, कापली होती."

"का, सर?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या त्या टूलकिटमधलं मला काही कळत नव्हतं. दोन महिने घरी बसून प्रयत्न केला. ती आली असती, तर रोज सकाळी मला त्या संदीपानला विचारावं लागलं असतं."

"मग विचारायचं."

"या वयात?"

"मी आयुष्यभर विचारतच आलेय सर. तुम्हालाच विचारत आले."

संदीपानला बोलावून खरं सांगा, एवढंच मी मागितलं. ते म्हणाले, सांगतो. सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मला बढतीचं पत्र आलं, त्यांच्या शिफारशीने. विभागाची उपप्रमुख, आणि त्यांच्यानंतर प्रमुख. ते पत्र कशाबद्दल होतं हे मला पक्कं ठाऊक होतं... आणि मी ते घेतलं. घरी पेढे नेले. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो. त्यांची टूलकिट तशीच राहिली. चाकणच्या लॅबमधला ऑपरेटर परवाही मला म्हणाला, "मॅडम, जिन्यानं गुडघं गेलं आमचं." सरांना दोष देणं सोपं होतं. मी तीन वर्षं विभागाची प्रमुख आहे.

शोकसभा रहाटणीत, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. तत्त्वनिष्ठ, शिस्तप्रिय, तडजोड न करणारे... एकेक शब्द ऐकताना माझे दात आवळले जात होते. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत संदीपान. वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचून, अर्धी सुट्टी टाकून आला होता. केस पिकलेले, चेहरा तोच. सभा संपल्यावर पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, "काही म्हणा ताई, सर बरोबर होते. पायाच कच्चा होता माझा. मी पोरालाबी तेच सांगतो, आधी पाया शिक."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. दोन फाइली, बारावा हिस्सा, केबिन, कबुली. तो गाडीच्या आरशावर हात ठेवून ऐकत होता. आनंद नाही, राग नाही, काहीच दिसेना. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, ताई?"

"पाच वर्षं झाली."

"पाच वर्षं..." तो म्हणाला. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि काळेवाडीच्या दिशेने निघून गेला. मी हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही.

सरांची केबिन आता माझी आहे. टेबलाच्या खणात त्यांची फूटपट्टी आहे, कडेला त्यांच्या अक्षरात नाव लिहिलेली. ती फेकायला मी दोनदा उचलली आणि दोन्ही वेळा परत ठेवली. ही माया नव्हे. ती पट्टी दिसली की मी त्या खुर्चीत कशी आले ते मला विसरता येत नाही, आणि विसरता येऊ नये असं मला वाटतं. सरांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. मालकांना मी मागच्या आठवड्यात दोन्ही फाइली दाखवल्या. ते म्हणाले, गेलेल्या माणसाचं कशाला उकरता? मी म्हटलं, एक माणूस जिवंत आहे अजून.

संदीपान माझा फोन उचलत नाही, मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही. त्याचं बरोबर आहे. पण हे वर्तमानपत्र त्याच्या घरी येतं, म्हणून इथे लिहिते. संदीपान, त्या दिवशी तू पार्किंगमधून निघून गेल्यावर मी चाचणीच्या त्याच कॉम्प्युटरवर अख्खी फाइल सरांच्या टूलकिटमध्ये उघडून पाहिली. पाच मिनिटं लागली. आपली चार मिनिटं दहा सेकंद होती.