अर्ध्या मिनिटाचं कुलूप

आई निमोण्यात दुसऱ्यांच्या रानात कांदे काटायची, वडील सणसवाडीच्या कंपनीत माल उचलायचे. दोन शेरडं विकून त्यांनी मला शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासात घातलं. आणि तिथं मला बसवलं कुठं? मागच्या स्टुलावर. इंग्रजी शाळेची पोरं कीबोर्डवर, आम्ही मराठीवाले त्यांच्या खांद्यावरून बघणार. "आधी बघून शिका," क्लासचा मालक म्हणायचा. आजही आठवलं की डोकं सणकतं.

आम्हाला शिकवणारे दौंडवाले सर माझ्याहून तापट. दौंडहून एसटीनं यायचे आणि उंबऱ्यातूनच ओरडायचे, "काठावर बसून पवायला येतं व्हय?" मालक ऐकेना, तेव्हा त्यांनी असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राशी बोलणाऱ्या भाषेत, एक छोटा प्रोग्राम लिहिला. दहा मिनिटं झाली की तो कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला, कंट्रोलरला, बंदची आज्ञा द्यायचा. मग कळा कितीही बडवा! पडद्यावर यायचं, 'उठा, मागच्याला बसू द्या.' अर्ध्या मिनिटानं कीबोर्ड पुन्हा चालू.

"सर, अर्धंच मिनिट का? कायमचाच बंद करा त्यांचा."

सर माझ्यावरच उखडले. "मग तुझ्यात आन् मालकात फरक काय? बंदच्या आधी चालूची ओळ लिहायची. ती नसंल तर तो प्रोग्राम न्हाई, दांडगाई हाय."

मालकाचा भाचा मात्र पक्का. अर्धं मिनिट हाताची घडी घालून बसायचा, कीबोर्ड सुटला की पुन्हा टकटक. एकदा सरांनी त्याची खुर्चीच मागं ओढली. "कीबोर्ड अर्ध्या मिनिटात ऐकतो. तुला कान धरूनच उठवावं लागतंय, राजा." मग माझ्याकडं वळले, "बस गं. बघती काय?" त्या दिवशी अख्खा प्रोग्राम त्यांनी माझ्याकडून टाईप करून घेतला.

भाच्यानं घरी सांगितलं. मालकानं सगळ्यांसमोर बजावलं, "प्रोग्राम काढा, नाहीतर तुम्ही निघा."

सरांनी डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

मालकाला तो प्रोग्राम काही निघेना. शेवटी माझ्याकडं आला. "तुला येतं ना गं? काढून टाक."

"आम्ही मराठीवाले," मी म्हटलं. "अजून बघूनच शिकतोय."

मलाही काढलं. सर पुन्हा भेटले नाहीत, त्याचा राग अजून उतरलेला नाही. पुढं दौंडच्या कॉलेजात नाव घातलं, कॉम्प्युटरचीच पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली.