संजूच्या डग्ग्याचा उशीर

संजूचं दुखणं डॉक्टरांच्या आधी कॉम्प्युटरला कळलं होतं.

आणि आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरलाच शिव्या देत बसलो होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

संजू माझा अकोल्याचा दोस्त. नोकरी सॉफ्टवेअरची, जीव तबल्यात. रियाजासाठी त्याने लिनक्सवर स्वतःचा लेहरा लिहिला होता. लेहरा म्हणजे तबल्याच्या साथीला फिरून फिरून वाजणारी धून. माइक त्याची थाप ऐकायचा, आणि हात मात्रेपासून किती मिलिसेकंद हुकला ते स्क्रीनवर यायचं.

एक दिवस मला अमरावतीला फोन आला.

"डग्गा रोज लेट दाखवून राहिला बे. टायमर गंडला."

मलाही तेच वाटलं. प्रोग्रामला 'इतका वेळ झोप' म्हटलं की तो जरासा उशिराच उठतो. तो उशीर मग साचत जातो.

रविवारी अकोल्याला गेलो. 'इतका वेळ झोप' काढलं, 'अमुक क्षणी ऊठ' लिहिलं. हाय-रिझोल्यूशन टायमर, रिअलटाइम प्रायॉरिटी (म्हणजे बाकी कामं मागे, आधी हे), सगळं केलं. लेहरा एकदम पक्का झाला.

संजू वाजवायला बसला.

उजवा हात बरोबर.

डावा, डग्ग्यावरचा, उशिरा.

"तू वाजव," तो म्हणाला.

थोडाफार तबला मलाही येतो. माझे दोन्ही हात बरोबर.

भर दुपार होती. तो कितीतरी वेळ आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. दुसऱ्याच कोणाचा हात त्याच्या मांडीवर आणून ठेवल्यासारखा.

"मशीन खोटं नाही बोलून राहिली," तो हळूच म्हणाला.

कानाला काहीच कळत नव्हतं. आकडा मात्र दर आठवड्याला वाढत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. इलाज नाही म्हणाले.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचा लेहरा एकडाव लावून द्या. मले ऐकायचा आहे."

गेलो. लावला.

एक सूर वाजला. मग काहीच नाही.

बिघडलं वाटून कोड उघडला. आमचा टायमर संजूने स्वतःच काढून टाकला होता. आता डग्ग्यावर थाप पडल्याशिवाय पुढचा सूर वाजणार नव्हता.

वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या,

"शेवटी शेवटी एक थाप माराले यांले मिनिट लागे. तरी लेहरा कधी चुकला नाही."

तबल्यावर खोळ होती. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो.

दुसरा सूर वाजला.

स्क्रीनवरचा आकडा मी पाहिला नाही.

संजू, तुझ्या हाताला माझा नमस्कार.