पहिल्या पानावरचे हात

माझ्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर एक फोटो आहे. त्या फोटोनं मला काम मिळवून दिलं आणि ज्याचे हात त्यात दिसतात त्या माणसाचं काम घालवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं सांगता सांगता मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन, ती माझी जुनी खोड आहे.

मी फोटोग्राफर आहे. कारखान्यांचे फोटो काढते. पूर्वी लग्नंही करायचे, पण एका मे महिन्यात तीन दिवसांत चार हळदी केल्या आणि कंबर अशी धरली की डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता हे बंद. मग राहिले कारखाने. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये जायचं, मशीनचे, गोडाऊनचे, नव्या क्रेनखाली उभ्या राहिलेल्या मालकांचे फोटो काढायचे. मालक फोटोत कधी हसत नाहीत. हसले तर गिऱ्हाइकं भाव कमी करून मागतील असं त्यांना वाटत असावं. ही कामं ओळखीनं यायची. एक मालक दुसऱ्याला सांगायचा, "एक ताई आहेत, व्यवस्थित काढतात." बारा वर्षं माझं यावर चाललं होतं.

मग मालक थकले आणि त्यांची मुलं ऑफिसात बसू लागली. त्यांचा पहिला प्रश्न एकच, "मॅम, तुमची वेबसाइट?" मी म्हणायचे, व्हॉट्सॲपवर पाठवते ना फोटो. ते "ओके" म्हणायचे आणि पुन्हा फोन यायचा नाही. मोठ्या कंपन्यांची तर तऱ्हाच वेगळी. व्हेंडर म्हणून नोंदणी करायच्या ऑनलाइन फॉर्मवर वेबसाइटची चौकट असते. ती रिकामी ठेवली की फॉर्म पुढं जात नाही. एकदा वैतागून मी तिथं "लवकरच" असं लिहिलं. फॉर्मनं तेही घेतलं नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण हिंजवडीला आयटीत आहे. आम्ही दोघी संत तुकाराम नगरच्या, एकाच गल्लीतल्या. ती आता पिंपळे सौदागरला राहते. मी तिच्यापुढं रडगाणं गायले तेव्हा ती म्हणाली, रविवारी ये, बनवून टाकू. आठवडाभर कंपनीच्या कॅबमध्ये बसून बसून ती माझ्याइतकीच पिचलेली असायची. तरी पोह्यांची बशी बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायची. मी आधीच वहीत मजकूर लिहून नेला होता. पहिलं वाक्य होतं, "प्रकाशाशी संवाद साधणारी कलावंत." तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "परचेसच्या माणसानं हे वाचून काय करायचं गं? चहा प्यायला जायचं?"

मला राग आला. पण तिचं खरं होतं. ती म्हणाली, तू कोण, कुणासाठी काय काढतेस आणि फोन कुठं करायचा, एवढं मोबाइल उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे. बाकी तुझं कौतुक तुझ्या आईला सांग. मी निवडून नेलेल्या चारशे फोटोंतले तिनं बारा ठेवायला सांगितले. चार रविवार आम्ही त्या बारा फोटोंवरून भांडत होतो.

खरी अडचण पुढंच होती. माझे चांगले फोटो मला दाखवताच येत नव्हते. इथं छोटे कारखाने मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवतात, आणि तो भाग, त्याचं ड्रॉइंग, सगळं त्या मोठ्या कंपनीचं. पार्ट ओळखू आला की फोटो बाद. कामगाराचा चेहरा दिसला की एचआर नको म्हणणार. मागं बोर्डावर काही लिहिलेलं असलं तरी बाद. बारा वर्षं राबून माझ्याकडं दाखवायला काय उरलं, तर भिंती आणि पत्रे. मैत्रीण म्हणाली, "पहिल्या पानावर माणूस पाहिजेच. चेहरा चालत नाही ना? मग हात घे."

त्याच सुमारास चाकणच्या एका कारखान्याचं कॅटलॉगचं काम चालू होतं. तिथं शेवटच्या टेबलावर एक मामा बसायचे. जवळच्याच गावातले, पंचावन्नच्या पुढचे, कॉन्ट्रॅक्टवर. मशीनमधून कातून आलेल्या लोखंडाच्या कडेला जी बारीक धार राहते तिला बर म्हणतात. ती कुठं राहिली आहे ते शोधायचं आणि कानशीनं काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हातात राखाडी रंगाचे, ऑइलनं काळे पडलेले, बोटांना ढगळ झालेले हँडग्लोज होते. मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि ते ग्लोज मला नकोसे झाले. सगळा फोटो खाऊन टाकत होते.

"मामा, ग्लोज काढता का जरा? दोनच मिनिटं."

ते इकडं तिकडं बघून म्हणाले, "न्हाई ताई, तसा रूल हाय. कुनी बघितलं म्हंजी?"

मी म्हणाले, "मी आहे ना."

हे मी म्हणाले. मला ते शब्द अजून तसेच्या तसे ऐकू येतात आणि दर वेळी स्वतःची चीड येते. त्यांनी ग्लोज काढले, नीट घडी करून खिशात ठेवले. मग अंगठा पार्टच्या कडेवरून हळूहळू फिरवला आणि एका जागी थांबवला. "हितं हाय बगा. डोळ्याला दिसत न्हाई, पर हाय." छपरात एक पारदर्शक पत्रा होता, त्यातून ऊन बरोबर त्या अंगठ्यावर पडलं होतं. नखाशेजारी जुनी चीर, तिच्यात काळं बसलेलं. मी सात-आठ फोटो काढले. तिसरा निघाला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे, हे मला तिथंच कळलं.

तो वेबसाइटवर टाकायची परवानगी मी रीतसर मागितली. कारखान्याच्या क्वालिटीच्या साहेबांनी फोटो मोठा करकरून पाहिला. पार्ट ओळखू येतो का, एवढंच ते बघत होते. "येत नाही ना? मग चालेल," म्हणाले आणि तसा मेलही केला. घरी वडिलांना दाखवला. ते पिंपरीतल्या एका कंपनीत उभा जन्म मशीनवर काढून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि विचारलं, "याचे हँडग्लोज कुठायत?"

"पप्पा, फोटो बघा ना," मी खेकसले. त्यांनी फोन परत दिला.

साइट सुरू झाली. पहिल्या पानावर ते हात, वर माझं नाव आणि फोन नंबर, मध्ये एकच ओळ की मी कारखान्यांचे फोटो काढते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून फोटोखाली कारखान्याचं नावही घातलं. ती म्हणाली, त्यानं विश्वास बसतो. बसलाही. महिन्याभरात अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. "त्या हातांच्या फोटोवाल्या तुम्हीच का?" असं विचारायचे. व्हेंडर फॉर्मच्या चौकटीत मी पत्ता टाकला आणि फॉर्म पुढं गेला. मी मामांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. त्यांनी नमस्काराचे दोन हात पाठवले. मला इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी क्वालिटीच्या साहेबांचा फोन आला. आवाज पडलेला. त्यांच्याकडं मोठ्या कंपनीचं ऑडिट होतं, म्हणजे कंपनीची माणसं कामाची पद्धत तपासायला आली होती. ऑडिटला आलेल्यांपैकी एकानं गाडीत बसल्या बसल्या कारखान्याचं नाव मोबाइलवर शोधलं, आणि वरच माझं पान निघालं. मीटिंगमध्ये त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, तुमच्याकडं फायनल चेकिंग उघड्या हातानं होतं का. आम्ही सगळ्यांनी पार्ट बघितला होता. हात कुणी बघितलेच नव्हते. माझे वडील सोडून.

"मॅडम, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा."

मी फोन कानाला धरूनच तो साइटवरून उतरवला. मग विचारलं, मामांना काही बोलले नाहीत ना?

"त्यांचा गेट पास बंद केला. ऑडिटवाल्यांना लेखी कारवाई दाखवावी लागते. कॉन्ट्रॅक्टवरचे होते, मग सोपं पडलं."

"अहो, पण ग्लोज मी काढायला लावले. मी सांगितलं त्यांना."

ते म्हणाले, "त्यांनी असं काही सांगितलं नाही. आम्ही विचारलं होतं. म्हणाले, सवय हाय." आणि जरा आवाज खाली आणून, "तुम्ही आता हे लेखी वगैरे देऊ नका. तुमचाही व्हेंडर कोड बंद होईल, मग इथलं काम मिळणार नाही."

मी दिलं नाही. तीन आठवडे दिलं नाही. काम चालू होतं, कंबर दुखत होती, घरचं भागवायचं होतं, आणि रोज सकाळी उठून मी ठरवायचे की आज मेल लिहायचा. नाशिक हायवेवर मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की मनात सगळा मेल लिहून व्हायचा. घरी पोचेपर्यंत अवसान गळालेलं असायचं. शेवटी एका दुपारी लिहिला. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ग्लोज काढले, चूक माझी, त्यांना परत घ्या. "नोंद घेतली आहे," असं एका ओळीचं उत्तर आलं. मामांचा पास उघडला नाही. माझा कोड मात्र चार दिवसांत बंद झाला.

मग मी त्यांच्या गावी गेले. मामा आता एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन होते आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, आत बघून चहा टाकायला सांगितलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी वाटेत घोकलेलं सगळं बोलून टाकलं, चुकले म्हणाले, रडू आलं तेही दाबलं नाही.

"जाऊ द्या ताई. आज ना उद्या जायाचंच व्हतं."

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमी पाव्हन्या. तुमचं नाव घिऊन मला काय पास परत मिळनार व्हता व्हय?" चहा आला. ते बशीत ओतून प्यायले. मग अवघडल्यासारखे म्हणाले, "येक इचारू का? त्यो फोटू का दिसंना झालाय?"

मी सांगितलं, त्याच दिवशी काढला. तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून.

ते अंगणाकडं बघत बोलू लागले. "लेकीनं सासरी समद्यांना दाखवला व्हता. सासऱ्याला म्हनली, ह्ये माज्या बाचं हात. मी येवढी वर्सं कंपन्यांत काढली, पर कुनी माजा फोटू काढला न्हाई. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तवा बी आमी कडंला. आता ती लिंक उघडती तर दुसरंच कायतरी येतंय. मला इचारती, बाबा, तुमचं हात कुटं गेलं?"

आधी त्यांची नोकरी घालवली, आणि मग माझी मान सोडवून घ्यायला त्यांच्याकडं उरलेलं तेवढंही मी पुसून टाकलं होतं. त्यांना एका शब्दानं न विचारता.

"मग काय करू, मामा?"

"लावा की परत. नोकरी तर गेली. फोटू कशापायी घालवता?"

मी लावला. कारखान्याचं नाव काढलं आणि त्या जागी लिहिलं, "या कामाला हँडग्लोज घालावे लागतात. त्यांनी घातले होते. फोटोसाठी ते मी काढायला लावले." मैत्रिणीनं रविवारी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "धंद्याची साइट आहे गं ही. हे वाचून कोण तुला आपल्या कारखान्यात घेईल?" तिचं म्हणणं चूक नव्हतं. मला वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून मी पोहे खाल्ले.

त्या संध्याकाळी मामांकडून नंबर घेऊन त्यांच्या लेकीला लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "ताई, दिसले हात. बाबांना खालचं वाचून दाखवलं. ते म्हणतात ते वाक्य काढा, तुमच्या पोटावर येईल."

मी ते तीन-चारदा वाचलं. फोन आता पूर्वीपेक्षा कमी येतात. वाक्य मी काढलेलं नाही.