मेलेला माल

सिल्वासाजवळच्या मसाटच्या आमच्या कारखान्यात वापरून झालेल्या कॅटलिस्टला, म्हणजे उत्प्रेरकाला, सगळे ‘मेलेला माल’ म्हणायचे. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो. कोळशाची काळी भुकटी आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे प्लॅटिनमचे कण. हायड्रोजन हव्या त्याच जागी जोडायचा, शेजारच्या क्लोरीनला धक्काही लावायचा नाही, इतकं निवडून काम करणारी वस्तू ती. थकली तरी अंगात हायड्रोजन धरून बसायची. म्हणून तिला कायम भिजवून ठेवायचं. सुकली आणि हवा लागली की आपली आपण पेटते.

मी तिथला केमिस्ट. शेटला हे बजावून सांगितलं होतं. तो हसला.

“मेलेला माल काय पेटणार? धातू काढायलाच पाठवायचाय ना? पाण्याच्या वजनाचं भाडं कशाला भरता? सुकवा!”

माझी सुट्टी होती त्या दिवशी त्यानं फिल्टरवरच्या माणसाला तो माल पत्र्यावर उन्हात पसरायला लावला. गोणीत भरताना भडका उडाला. त्या माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

संध्याकाळपर्यंत कारखानाभर पसरलं, तो बिडी ओढत होता. शेटनंच उठवलेलं. चोर तो चोर, वर शिरजोर! बिडी म्हटलं की चूक कामगाराची, मग औषधपाणी त्याचं त्यानं बघायचं आणि नोकरीही गेली. सिल्वासाच्या दवाखान्यात हात गुंडाळून पडलेला तो धुळ्याकडचा माणूस मला एवढंच म्हणाला, “दादा, मी बिडी पेस नही. तुम्हले माहित शे ना?”

माहीत होतं. सगळ्यांनाच होतं, पण तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टीलच्या ताटलीत टीपकागद ठेवला, त्यावर चमचाभर मेलेला माल पसरला आणि शेटच्या टेबलावर पंख्याखाली ठेवला. कोणाला बोलू दिलं नाही. भुकटी कडेनं सुकत गेली. मग तिच्यात एक लाल ठिपका उमटला, पसरला, कागदानं पेट घेतला.

“आता सांगा,” मी ओरडलो, “इथं बिडी कोण ओढतंय?”

शेट खुर्चीसकट मागे सरकला. मला वाटलं, आता तरी तो दवाखान्यातल्या माणसाबद्दल विचारेल. त्यानं घंटी वाजवली, शिपायाला आत बोलावलं.

“ती राख फेकू नको हां,” तो म्हणाला. “धातू त्यातच आहे.”